कामगार संघटना, धर्म आणि माणुसकी

(शोळिंगनल्लूर, चेन्नई येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी गटापुढे एका रेल्वे युनियन सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेल्या विषयाचे नाव आहे 'धर्मनिरपेक्ष मानवतावाद आणि त्याचा धर्माशी संबंध'. कार्यक्रमपत्रिका हाती आली तेव्हा मी अध्यक्षांना म्हणालो, साहेब, हा विषय एखाद्या प्राध्यापकाला द्या. मी मॅट्रिक पास माणूस, खलाशी म्हणून भरती झालो, माझे वाचन युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांपुरते. ते म्हणाले, प्राध्यापकांची भाषणे आपण पुष्कळ ऐकली, तुमच्या शाखेत काय घडते ते सांगा. म्हणून उभा राहिलो आहे.

काल रात्री जेवण झाल्यावर आपण काही जण कालव्याच्या पुलापर्यंत फिरायला गेलो होतो. तिथे आपल्यातल्याच एका तरुण साथीने मला विचारले, "भाऊ, पगार, भत्ता, पेन्शन, रोस्टर यावर आपण बोलावे. देवाधर्माच्या भानगडीत युनियनने कशाला पडायचे? त्याने मेंबर तुटतात." प्रश्न प्रामाणिक आहे. मीही पंधरा-वीस वर्षे हेच बोलत आलो. गेट मीटिंगमध्ये कोणी धर्माचा विषय काढला की मी म्हणायचो, तो घरी ठेवा. आता मी तसे म्हणत नाही. का म्हणत नाही, तेवढेच आज सांगणार आहे.

त्या पुलाखालून जो कालवा वाहतो त्याचे नाव बकिंगहॅम कालवा. याच नावाची एक कापड गिरणी या शहराच्या उत्तरेला पेरांबूर भागात होती, आणि तिच्या जोडीला कर्नाटिक गिरणी. दोन्ही बिन्नी कंपनीच्या. पेरांबूर हे नाव आपल्या रेल्वेवाल्यांना नवे नाही. तिथे वर्कशॉप आहे, आणि १९५५ सालापासून डबे बांधणारी इंटिग्रल कोच फॅक्टरीही त्याच परिसरात आहे. पण पेरांबूरची दुसरी ओळख कामगारांनी लक्षात ठेवली पाहिजे. २७ एप्रिल १९१८ रोजी तिथे मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. सभासदांची वर्गणी, पदाधिकारी, नियम अशा रीतसर पद्धतीने चालणारी आपल्या देशातली पहिली संघटना म्हणून तिचे नाव घेतले जाते.

आता ही संघटना निघाली कोठून, ते ऐका. गिरणीच्या आसपासचे दोन छोटे व्यापारी होते, सेल्वपती चेट्टियार आणि रामानुजुलू नायडू. ते वेंकटेशाच्या भक्तीसाठी एक सभा चालवीत. भजन, प्रवचन, पुराण. त्या सभेला येणारे बहुतेक गिरणीतले. भजन संपल्यावर माणसे बोलायची ती गिरणीतलेच बोलायची : जेवायला वेळ पुरत नाही, थोडा उशीर झाला की गेट बंद, साहेब हात उगारतो. हे ऐकून ऐकून या दोघांना वाटले की नुसत्या प्रवचनाने भागणार नाही. ते अड्यारला गेले. आपण परवा स्टेशनवरून इकडे येताना अड्यार वाटेत लागले होते, थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे तिथेच आहे. तिथून त्यांनी बी. पी. वाडिया या गृहस्थांना आणले. वाडिया मुंबईचे पारशी, ॲनी बेझंट यांचे सहकारी. ते अध्यक्ष झाले. त्यांच्याबरोबर तिरु. वि. कल्याणसुंदरम् आले, तमिळ पंडित आणि निष्ठावंत शैव.

म्हणजे पाहा, एक पारशी थिऑसॉफिस्ट, एक शिवभक्त, दोन विष्णुभक्त, यांनी कामगारांची संघटना उभी केली. वर्गणी भरणाऱ्याला कोणी त्याचा देव विचारला नाही. जे साथी म्हणतात की धर्म आणि कामगार चळवळ यांचे जन्माचे वैर आहे, त्यांना मी पेरांबूरची ही हकिगत सांगतो. भजनाला जमलेल्या माणसांनीच इथे युनियन उभी केली. (आपल्याकडेही आळीतल्या भजनी मंडळाचा पेटी वाजवणारा आणि शाखेचा खजिनदार एकच असतो, आणि हिशेब चोख असतो. हे मी स्वतः पाहिलेले आहे.)

याच मद्रासेत दुसऱ्या टोकाचा माणूसही होता. सिंगारवेलर. कोळी समाजात जन्मलेले वकील. १९२३ च्या १ मे रोजी त्यांनी या शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर मे दिन साजरा केला, आपल्या देशातला पहिला. मरीना किनाऱ्यावर चार कामगार मिळून एक दगड हलवीत आहेत असा पुतळा आपण काल पाहिला. तो १९५९ चा, देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडवलेला. सिंगारवेलर तरुणपणी बौद्ध विचारांकडे ओढले गेले, पुढे पूर्ण बुद्धिवादी झाले, आणि पेरियार यांच्या 'कुडि अरसु' पत्रात विज्ञानावर लिहीत राहिले. १९२८ साली साउथ इंडियन रेल्वेत कपातीविरुद्ध संप झाला, त्या संपात ते तुरुंगात गेले. देव न मानणारा म्हातारा रेल्वे कामगारांसाठी तुरुंगात गेला, तेव्हा त्यांचे वय ६८ होते. त्या संपवाल्यांत कपाळाला विभूती लावणारे थोडे नसतील. त्यांना त्याचे काही वाटले नाही आणि सिंगारवेलरांनाही त्यांच्या विभूतीचे काही वाटले नाही.

इथवरची गोष्ट गोड आहे. शिबिरात आपण बहुधा इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो. पण मधले १९२१ साल मी टाकून आलो, ते आता सांगतो.

१९२१ च्या उन्हाळ्यात बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत मोठा संप झाला. गिरणीत तीन प्रकारचे कामगार होते : सवर्ण हिंदू, मुसलमान, आणि ज्यांना तेव्हा आदि द्रविड म्हणू लागले होते ते अस्पृश्य. संप सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत आदि द्रविड कामगार कामावर परतले. त्यांचे पुढारी एम. सी. राजा यांनी त्यांना तसाच सल्ला दिला होता. मग काय व्हायचे ते झाले. एका बाजूला सवर्ण आणि मुसलमान, दुसऱ्या बाजूला आदि द्रविड. पुळियांतोप वस्तीत झोपड्या जळाल्या, दंगे झाले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसे मेली. ऑक्टोबरपर्यंत संप मोडला. भजनी सभेतून निघालेली, पारशी, शैव, वैष्णव यांनी उभी केलेली ती संघटना एका उन्हाळ्यात खिळखिळी झाली.

संप फोडला म्हणून त्या लोकांना शिव्या देणे सोपे आहे. तेव्हाही दिल्या गेल्या. मालकाने फूट पाडली, सरकारने एका बाजूला आसरा दिला, हेही खरेच. पण मला नेहमी वाटते की फूट पाडायला आधी चीर असावी लागते. ज्या माणसाच्या घरात संपाच्या दुसऱ्या आठवड्यात चूल पेटत नाही, त्याला शेजारच्या कामगाराकडून मूठभर तांदूळ मिळायला हवा. आणि तो शेजारी जर त्याच्या सावलीपासून दूर राहणारा असेल, विहिरीवर त्याला येऊ न देणारा असेल, तर 'कामगार एकजुटीचा विजय असो' ही घोषणा त्याने कोणत्या कानाने ऐकावी? युनियनने धर्माचा विषय घरी ठेवला होता. म्हणूनच तो तिथे सुरक्षित राहिला आणि संपाच्या दिवशी बाहेर आला.

एक गोष्ट जाता जाता. बिन्नी कंपनीने वाडियांवर हायकोर्टात दावा लावला होता, की यांनी आमच्या कामगारांना करार मोडायला चिथावले. त्या प्रकरणानंतर संघटनांना कायद्याचे संरक्षण हवे अशी मागणी कायदेमंडळात केली ती आपल्या ना. म. जोशी यांनी, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्यातून आला. आपल्या लेटरहेडवर जो नोंदणी क्रमांक छापतो, त्याचे एक मूळ पेरांबूरला आहे. या कायद्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आपल्या मुलखाकडे. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव सर्वांना माहीत आहे, पण ते तुमचे-आमचे सहकारी होते हे किती जणांना माहीत आहे? गिरणीत स्टोअरकीपर होण्याआधी त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. इथे बसलेल्या टपाल साथींनी त्यावर शिक्के मारले असतील. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक. भटाविना लग्न लावा, देवाशी बोलायला दलाल नको, असे सांगणाऱ्या समाजाचे. त्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली तेव्हा रविवार का, याचे एक कारण दिले ते असे : रविवार हा खंडोबाचा वार. १८९० च्या जूनमध्ये ती सुट्टी मिळाली.

सत्यशोधक माणूस खंडोबाचे नाव घेतो, म्हणजे तत्त्व सोडले का? मला तसे वाटत नाही. लोखंड्यांनी कामगाराच्या श्रद्धेला हात लावला नाही, ती श्रद्धा कामगाराच्या विश्रांतीच्या कामाला लावली. आणि याच लोखंड्यांनी १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली तेव्हा दोन्ही समाजांच्या सलोख्यासाठी धडपड केली. खंडोबाचा वार मागणे आणि खंडोबाच्या नावाने शेजाऱ्याचे डोके फोडू न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी जमल्या. मानवतावाद म्हणजे काय याची मोठी व्याख्या मला येत नाही. पण लोखंडे हा माझा नमुना आहे. देवाची, पोथीची, रूढीची प्रत्येक गोष्ट तपासायची ती एका मापाने : यामुळे समोरच्या जिवंत माणसाचे काय होते?

त्यांचे गुरू फुले देवाला मानत. त्याला ते निर्मिक म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात गोडीने राहतात. आज आपल्या एखाद्या क्वार्टरमध्ये असे घर निघाले तर कॉलनीत काय होईल? युनियनच्या कार्यकर्त्याने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

डॉ. आंबेडकरांनी तर ही गोष्ट रेल्वे कामगारांसमोरच सांगितली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८, मनमाड. जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. बाबासाहेब म्हणाले की कामगारांचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मण्य. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुत्व नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. मला त्या भाषणातला जो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आहे. त्यांनी हवेत गोष्टी केल्या नाहीत. रेल्वेतल्या जागा मोजून दाखवल्या. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर घेत नाहीत, कारण स्टेशन मास्तरला पोर्टरकडून घरची कामे करून घ्यायची असतात. वर्कशॉपमध्ये त्याला हमालाच्या वर चढू देत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांतही असेच होते. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला ते खातेच बंद. देवळाचा विटाळ असा थेट पगारपत्रकापर्यंत येऊन पोचला होता. मग सांगा, हा विषय घरचा की युनियनचा?

मनमाडनंतर अठरा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धर्म सोडून दिला नाही, दुसरा धर्म स्वीकारला. माणसाला मध्यभागी ठेवणारा धर्म त्यांना हवा होता. उलट मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९४६-४७ च्या सुमारास जो नवमानवतावाद मांडला त्यात धर्माला जागाच नव्हती. त्या विचारातून आपल्या क्षेत्राला मणिबेन कारा मिळाल्या, ज्यांनी पश्चिम रेल्वेच्या कामगारांचे नेतृत्व केले, आणि व. भ. कर्णिक मिळाले, ज्यांनी कामगार चळवळीचा इतिहास लिहून ठेवला. आणि साने गुरुजी? ते तर पक्के विठ्ठलभक्त. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून आपल्याच देवाच्या दारात उपोषण केले. आस्तिक, नास्तिक, बौद्ध, अशी ही सारी मंडळी एका प्रश्नावर एकत्र येतात, माणसाला कमी लेखू देणार नाही म्हणून. देव आहे की नाही यावर ती एकत्र येणार नाहीत आणि यायची गरजही नाही. आपल्या संविधानातही २५ व्या अनुच्छेदात श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे आणि १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टी व मानवतावाद वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घातलेले आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही.

बरीच वर्षे झाली. एका रनिंग रूममधला कुक लांब रजेवर गेला, म्हणून तिथल्या एका बेअररला स्वयंपाकाचे काम दिले. माणूस सफाई काम करणाऱ्या जातीतला. हात स्वच्छ, चव उत्तम. मी स्वतः तिथे जेवलो आहे आणि आमटी दोनदा मागून घेतली आहे. महिनाभरात काही ड्रायव्हर-गार्ड घरचा डबा आणू लागले. मग एक अर्ज आला, जेवण निकृष्ट आहे. खाली अकरा सह्या. अकराही आमच्याच युनियनचे मेंबर, त्यातले दोन शाखा समितीवर.

अर्ज खोटा आहे हे मला माहीत होते. पण निवडणूक जवळ होती, आणि मी तेव्हा धर्म-जातीचा विषय घरी ठेवणारा सचिव होतो. मी साहेबांकडे गेलो आणि गाजावाजा न करता त्या बेअररला स्टोअरमध्ये हलवून घेतले. कोणावर ठपका नाही, केस नाही, वाद नाही. मला वाटले, चांगले काम केले. दोन दिवसांनी तो युनियन ऑफिसात आला. उभ्या उभ्या म्हणाला, "साहेब, माझ्या हातची आमटी तुम्ही मागून घेतली होती. कागदावर तुम्ही काय लिहिलंत?" मी लिहिले होते, 'व्यवस्थेच्या सोयीसाठी'. तेच त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून त्याची वर्गणी बंद झाली, आणि त्याच्यामागोमाग त्याच्या लाईनमधल्या आणखी नऊ जणांची.

२०१३ साली युनियनच्या मान्यतेसाठी मतदान झाले तेव्हा मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्याने पाणी दिले, चहा दिला. मी पगार आयोगाचे बोललो, पेन्शनचे बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, तुमचं पेन्शनचं बोलणं बरोबर आहे." बस. एवढेच. तेव्हा मला पुळियांतोप समजले. त्याच्या आधी मी ते फक्त वाचलेले होते.

म्हणून काल रात्रीच्या साथीला माझे उत्तर असे आहे की, मेंबर आपण देवाधर्मावर बोललो म्हणून तुटत नाहीत. मी तर एक शब्द बोललो नव्हतो. तरी माझे दहा तुटले.

मग करायचे काय? काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. युनियन ऑफिसातला गणपती काढा, खंडेनवमीला मशीनला हार घालू देऊ नका. इकडे तिला आयुध पूजा म्हणतात आणि ती जोरात होते. मला हा उतावळेपणा वाटतो. फिटर आपल्या हत्यारांना वर्षातून एकदा हार घालतो, यात कोणाचा अपमान आहे? मात्र त्याच पूजेची वर्गणी पगाराच्या दिवशी खिडकीशी उभे राहून सर्वांकडून घेतली जाते, आणि एखादा मुसलमान किंवा बौद्ध खलाशी 'नको' म्हणाला की त्याच्या नावापुढे खूण होते, तिथे माझा विरोध सुरू होतो. हार कोणी घालायचा हे त्याने ठरवावे. वर्गणी ऐच्छिक असली पाहिजे आणि 'नको' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावले पाहिजे.

आमच्या यार्डात एकाच ठिकाणी दोन वर्षांत दोन माणसे गेली. लोक म्हणू लागले जागा वाईट आहे, काहीतरी करा. गँगने ठरवले, बोकड द्यायचा. मी म्हणालो, ज्याला नारळ फोडायचा त्याने स्वतःच्या पैशाने फोडावा, मी अडवणार नाही, मीही तिथे उभा राहीन. पण त्याच दिवशी एक पत्र जाईल, की इथे दिवा नाही, वळणामुळे गाडी दिसत नाही, आणि लुकआउट मॅन दिलेला नाही. त्या पत्रावर सगळ्यांनी सही करायची, नारळ फोडणाऱ्यांनी आधी. बोकड वाचला. चार महिन्यांनी दिवा लागला, माणूस मिळाला. त्यानंतर तिथे अपघात नाही. नारळवाले श्रेय अजून नारळाला देतात. देऊ देत, दिवा चालू आहे.

या बाबतीत डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पद्धत आपण शिकण्यासारखी आहे. १९८९ पासून ते अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करीत होते आणि सतत सांगत होते की आमचे भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. इतके सौम्य बोलणाऱ्या माणसाला २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी झाला. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते तर मोलकरणी, कामगार यांच्या संघटना बांधणारे, आपल्याच वाटेवरचे. दाभोलकरांच्या खुनाबद्दल २०२४ साली दोघांना जन्मठेप झाली. म्हणजे हा विषय घरी ठेवला की सुरक्षित, बाहेर काढला की धोक्याचा, असा हिशेब करणाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही. धोका आहेच.

शेवटी ट्रेड युनियन कायद्याची गोष्ट, जी मघाशी राखून ठेवली होती. युनियनचा पैसा कशावर खर्च करता येतो याची यादी २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याच्या १५ व्या कलमात होती. त्यात सभासदांच्या धार्मिक लाभाचा आणि मयत सभासदाच्या अंत्यविधीचा खर्च बसत होता. म्हणजे त्या कायद्यानेसुद्धा धर्माला युनियनच्या दारात मज्जाव केलेला नव्हता. आमच्या शाखेत जुनी प्रथा होती, सभासद वारला की घरच्यांना काही रक्कम द्यायची. व्हाउचरवर छापलेले असायचे 'तेराव्यासाठी साहाय्य'. एकदा एका बौद्ध फिटरच्या पत्नीसमोर ते व्हाउचर सहीसाठी ठेवले. त्या बाईंनी ते वाचले आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात तेरावं नसतं. हे पैसे माझे आहेत का?" खजिनदार गप्प, मी गप्प. तिथल्या तिथे पेनाने खोडून 'अंत्यविधी साहाय्य' लिहिले, आणि पुढच्या सभेत ठराव करून नवीन पावत्या छापल्या. कोणी दफन करो, कोणी दहन करो, कोणी देह दवाखान्याला देवो, रक्कम तीच आणि शब्द तोच. एका शब्दासाठी पावती पुस्तके रद्द केली म्हणून हिशेब तपासनिसाने हरकत घेतली होती, तेवढी मी आनंदाने सोसली.

आपल्या गटाने आज दुपारी ठराव करायचा आहे. त्यात मोठी वाक्ये घालू नयेत असे माझे सुचवणे आहे. प्रत्येक शाखेने तीन गोष्टी पाहून कळवाव्यात : रनिंग रूम, कँटीन आणि आर. एम. एस. च्या विश्रांतिगृहात स्वयंपाक कोण करते आणि कोणाला करू दिला जात नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि पेला सर्वांचा एकच आहे का. आणि सणाच्या वर्गणीची यादी कोणाच्या हातात असते. माझ्या शाखेची माहिती मी लिहून आणली आहे, ती अध्यक्षांकडे देतो. ती फारशी अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

तो बेअरर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याचा मुलगा ट्रॅक मेंटेनर म्हणून लागला आहे. गेल्या महिन्यात मी त्याला गाठले, जुनी सगळी हकिगत त्याला सांगितली, काही लपवले नाही, आणि सभासदत्वाचा फॉर्म दिला. त्याने तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो." अजून त्याचे उत्तर आलेले नाही.